कळतं, पण वळत नाही

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिकेचं वय 44. यंत्रांसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका तपासून देण्याचं काम त्या घरून करतात. कामात इतक्या बुडतात की नवऱ्याने नावाने हाक मारली तरी ऐकू येत नाही. शाळकरी मुलीने काही विचारलं तर तोंडातून "हो" निघून जातं आणि आपण कशाला हो म्हटलं हे नंतर आठवत नाही. त्यावरून घरात खटके उडतात. मधेच कुणी उठवलं, तर पुन्हा कामात शिरायला अर्धा तास जातो. दुसरी तक्रार नेमकी उलटी. रात्री फोन घेऊन बसल्या की उठवत नाही. त्या लिहितात, "घड्याळाकडे बघत असते, आता ऊठ असं स्वतःला बजावत असते, आणि त्याच वेळी अंगठा स्क्रीन सरकवत असतो. मी हुकूम सोडते आणि माझंच शरीर तो धाब्यावर बसवतं." त्यांचे प्रश्न: मोबाइलने मेंदू बिघडला आहे का? हा एडीएचडी (लहानपणापासून लक्ष टिकवणं अवघड जाणारा विकार) आहे का? एकाच वेळी अनेक कामं करायची सवय लावून घ्यावी का? मेंदूच्या व्यायामाचं ॲप घ्यावं का? की इच्छाशक्तीच कमी आहे?

उत्तर:

आधी तुमच्या यजमानांच्या तक्रारीचं बघू, कारण ती लवकर निकालात निघते. 1959 साली नेव्हिल मोरे या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. हेडफोनमधून दोन कानांत दोन वेगवेगळी बोलणी सोडायची आणि एका कानात जे ऐकू येईल ते लगोलग मोठ्याने म्हणत जायचं. मधेच दुसऱ्या कानात त्या माणसाचं स्वतःचं नाव घेतलं जाई. तिघांतल्या साधारण एकालाच ते ऐकू आलं. 1995 मध्ये हाच प्रयोग जास्त काटेकोरपणे पुन्हा झाला, तेव्हाही प्रमाण जवळपास तेच निघालं. कान ठणठणीत असलेली बहुतेक माणसं, हातातलं काम पुरेसं गुंतवणारं असेल तर, स्वतःच्या नावालाही दाद देत नाहीत. "तुला आमच्याशी काही देणंघेणं नाही" हा निष्कर्ष यातून निघत नाही. हवं तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. फक्त वाचताना जिंकल्याचा आव आणू नका.

"हो"ची गोष्ट जरा निराळी आहे. मुलीच्या बोलण्याचा सूर कानावर पडतो, प्रश्न आला एवढं मेंदू ओळखतो, आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने पक्कं झालेलं उत्तर बाहेर पडतं. प्रश्नातला मजकूर मात्र तुमच्यापर्यंत पोचलेलाच नसतो, मग तो आठवणार कुठून? याला खोटं बोलणं म्हणता येणार नाही. पण मुलीच्या बाजूने पाहिलं तर तिला कबूल केलेलं दर वेळी मोडलं जातं, आणि तिचं वाईट वाटणं अगदी खरं आहे. त्यावर उपाय हवा. तो पुढे सांगते.

आता अंगठा. तुमच्या पत्रातली सर्वांत नेमकी ओळ तीच आहे, आणि तुमचा सर्वांत मोठा गैरसमजही तिच्यातच आहे. तुम्ही धरून चालला आहात की डोक्यात एक "मी" बसलेली आहे, ती हुकूम सोडते आणि बाकीच्या मेंदूने तो पाळायचा असतो. पाळला नाही तर दोन शक्यता: हुकूम सोडणारी दुबळी, नाहीतर पाळणारा बिघडलेला. तुमचे इच्छाशक्तीचे आणि बिघाडाचे प्रश्न तिथूनच आलेत. पण मेंदूत असा मालक कुणाला सापडलेला नाही. तिथे जे सापडलं आहे ते बरंच वेगळं आहे.

मेंदूच्या खोल भागात पेशींचे काही पुंजके आहेत, त्यांना एकत्रितपणे बेसल गँग्लिया म्हणतात. त्यांच्या बाहेर जाणाऱ्या पेशी तुम्ही स्वस्थ बसलेल्या असतानाही सतत संदेश पाठवत असतात, आणि तो संदेश "थांब" असा असतो. तो जातो मेंदूच्या पृष्ठभागाकडे संदेश पुढे धाडणाऱ्या थॅलॅमस या भागाकडे, आणि डोळे कुठे वळवायचे हे ठरवणाऱ्या मध्यमेंदूतल्या भागाकडेही. थोडक्यात, करता येण्याजोग्या असंख्य गोष्टी एरवी हँडब्रेक लावून उभ्या केलेल्या गाड्यांसारख्या असतात. एखादी कृती निवडणं म्हणजे तिच्यावरचा ब्रेक क्षणभर सोडणं आणि बाकीच्यांवरचा आवळणं. ब्रेक सोडवणारा एक मार्ग आहे, आवळणारा दुसरा. तिसरा, सर्वांत जलद मार्ग मेंदूच्या पृष्ठभागाकडून थेट याच गटातल्या सबथॅलॅमिक न्यूक्लियस या छोट्या पुंजक्याकडे येतो आणि एकदम सगळंच रोखून धरतो. 1989-90 च्या सुमारास हे चित्र उभं राहिलं तेव्हा ते फार सुटसुटीत होतं. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की हालचाल सुरू होताना सोडणारा आणि आवळणारा असे दोन्ही मार्ग एकदमच जागे होतात. तेव्हा प्रत्यक्षात तिथे बरीच खेचाखेच चालते. पण मूळ तत्त्व टिकून आहे. आणि हे फक्त हातापायांपुरतं नाही. याच पुंजक्यांतून कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाकडेही अशीच वर्तुळं जातात, त्यामुळे कुठला विचार धरून ठेवायचा आणि कुठला सोडायचा यातही त्यांचा हात असतो.

मग कुणाचा ब्रेक सुटणार, हे ठरतं कशावर? तुम्ही मनाशी ठरवलेलं उद्दिष्ट हा त्यातला एक घटक, पण एकटा तोच नाही. ती हालचाल किती वेळा घटवलेली आहे, डोळ्यांसमोर आत्ता काय आहे, आणि मागच्या खेपेला तिथून अपेक्षेपेक्षा चांगलं काही मिळालं होतं का, हेही तितकंच वजन टाकतात. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी अपेक्षेपेक्षा जास्त काही हाती लागलं की जोरात पेटतात, आणि अपेक्षेबरहुकूम मिळालं तर फारशा हलत नाहीत. पुढच्या सरकवण्याला काय निघेल हे माहीत नसणं, हीच तुमच्या रात्रीच्या पडद्याची खरी ताकद आहे. आता त्या क्षणाकडे जवळून बघा. एका बाजूला अंगठा आहे. हालचाल बारीकशी, हजारो वेळा केलेली, वस्तू हातात, आणि त्या ओघाला शेवटचं पान नाही. दुसऱ्या बाजूला "आता ऊठ". उठून काय? कुठे जायचं? आधी कुठला पाय हलणार? "ऊठ" ही हालचाल नव्हे, ती नुसती सूचना आहे. आणि ब्रेक सुटतो तो हालचालीचा.

कळणं आणि वळणं मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहतं, हे मेंदूविज्ञानाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ब्रेंडा मिलनर यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना पत्ते लावायला दिले होते. रंगाने लावायचे, आकाराने की आकृत्यांच्या संख्येने, हे सांगायचं नाही. फक्त बरोबर की चूक एवढंच सांगायचं. सलग दहा बरोबर आले की न सांगता नियम बदलायचा. मेंदूच्या पुढच्या भागाचा काही अंश शस्त्रक्रियेत काढलेले रुग्ण जुना नियम सोडू शकत नव्हते. "चूक, चूक" असं ऐकत असूनही ते जुन्याच पद्धतीने पत्ते लावत राहत. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा लेर्मित यांनी 1983 मध्ये अशाच इजा झालेल्या रुग्णांचं वर्णन केलं. समोर चष्मा ठेवला की ते तो उचलून लावत, डोळ्यांवर आधीच एक असला तरी. कुणी तसं करायला सांगितलेलं नसे. वस्तू समोर होती, एवढंच कारण. तुमच्या मेंदूला अशी इजा नाही, म्हणून तुम्हाला चष्म्यावर चष्मा चढवावासा वाटत नाही. पण समोरच्या वस्तूची ओढ तुम्हा-आम्हा सगळ्यांत असते. मेंदूचा पुढचा भाग ती दाबून धरतो, आणि दिवसभर पुस्तिका तपासून शिणल्यावर, ताण असताना किंवा झोप अपुरी असताना ती पकड सैल पडते. एमी आर्नस्टेन यांचं बरंचसं संशोधन याच विषयावर आहे: ताण वाढला की प्रीफ्रंटल भाग मागे हटतो आणि सवयींचे मार्ग पुढे सरसावतात. म्हणून रात्री स्वतःला बोल लावून घेण्याने तुम्ही अंगठ्याचीच बाजू घेता.

तुमच्या दोन तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत असं तुम्ही लिहिलंत. मला त्या एकच वाटतात. दिवसा पुस्तिकेतून निघता येत नाही, रात्री फोनमधून. प्रवेशाला दोन्हीकडे अडचण नाही, अडतं ते बाहेर पडताना. लक्ष वळवण्याचे तीन टप्पे असतात: आहे तिथून सुटणं, सरकणं, नव्या जागी लागणं. मायकल पोझ्नर आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दाखवलं की मेंदूच्या बाजूच्या पॅरायटल भागाला इजा झालेल्या रुग्णांची अडचण मुख्यतः पहिल्या टप्प्यावर होते. सुटणं हे मेंदूच्या लेखी वेगळं काम आहे, आणि आपण त्याला कामात धरतच नाही. "पाच मिनिटांत येते" म्हणताना त्या पाच मिनिटांत सुटण्याला किती, हा हिशेब कुणी करतं का?

त्या अर्ध्या तासाचंही तेच. आर्थर जर्सिल्ड यांनी 1927 मध्येच मोजून दाखवलं होतं की दोन प्रकारची कामं आलटून पालटून केली की वेळ जास्त लागतो. रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी 1995 मध्ये त्यात एक महत्त्वाची गोष्ट जोडली. आता काम बदलणार हे आधी माहीत असलं, तयारीला भरपूर वेळ दिला, तरी बदलानंतरचं पहिलं काम मंदच होतं. म्हणजे उरलेला अडथळा मनातल्या तयारीने जात नाही, नवं काम प्रत्यक्ष एकदा केल्यावरच जातो. प्रयोगशाळेत हा फरक सेकंदाच्या अंशांत असतो, तुमचा अर्धा तास त्याहून कितीतरी मोठा आहे. कारण तुम्ही एकाच वेळी मनात धरून ठेवलेले पाच-सहा धागे (आकृतीचा क्रमांक, मागच्या पानावरची संज्ञा, तक्त्यातलं एकक) हाक येताच सांडतात आणि पुन्हा गोळा करावे लागतात. अचानक आवाजाने हे जास्त होतं. वर सांगितलेला तिसरा, सगळं रोखणारा मार्ग दचकल्यावरही जागा होतो आणि हालचालीबरोबर हातातला विचारही थबकतो, असं गेल्या काही वर्षांतल्या प्रयोगांत दिसलं आहे.

तेव्हा अनेक कामं एकदम करायची सवय लावून घेऊ नका. त्याने सुटण्याचे प्रसंग वाढतील, सुटणं सोपं होणार नाही. शिवाय चिकटून राहणं आणि चटकन वळणं, दोन्ही एकाच वेळी कमाल पातळीवर मिळत नाही. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा एक इवलासा पुंजका आहे, मेंदूभर नॉरॲड्रेनलिन हे सावध ठेवणारं रसायन पोचवतो तो. ॲस्टन-जोन्स आणि कोहेन यांच्या 2005 मधल्या मांडणीनुसार तो दोन प्रकारे चालतो. हातातल्या कामातून काही मिळत असेल तर कामाच्या क्षणाला नेमके झटके देतो आणि लक्ष तिथेच धरतो. मिळेनासं झालं की त्याची एकसंध गुणगुण वाढते आणि लक्ष इकडेतिकडे शोधू लागतं. दोन्हींची गरज असते. तुमचं काम चिकटून राहण्याचं आहे आणि तुम्ही त्यात चांगल्या आहात. हे मी तक्रारीच्या खात्यात टाकणार नाही.

मग करायचं काय? दिवसासाठी घरात एक ठराव करा. कामात असताना दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही. समोर यायचं, खांद्याला हात लावायचा आणि तुम्ही मान वर करेपर्यंत प्रश्न विचारायचा नाही. तुम्ही "थांब" म्हणायचं आणि मान वळवण्याआधी कागदावर अर्धी ओळ लिहायची: पुढची कृती काय, एवढंच. "पान 14, आकृती 3 चा क्रमांक चुकलाय, मग तक्ता." कुठवर आलो हे लिहून फारसा उपयोग होत नाही, आता काय करणार होतो हे लिहा. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांनी 2011 मध्ये दाखवलं की अपुऱ्या कामाचा ठोस बेत आखला की ते मनात टोचणी लावणं थांबवतं, काम पुरं झालेलं नसलं तरी. याचा फायदा दोन्हीकडे होतो: मुलीचं बोलणं ऐकताना निम्मं डोकं तक्त्यात राहत नाही, आणि परतल्यावर धागा शोधत बसावं लागत नाही. पूर्ण अर्धा तास वाचेल असं मी म्हणत नाही. बराचसा वाचावा.

आणि त्या "हो"वर बंदी. नुसतं "हो म्हणायचं नाही" असं ठरवलंत तर फसेल, कारण रिकाम्या जागेत घटवलेलं उत्तरच येऊन बसतं. त्या जागी दुसरं उत्तर बसवा: काम चालू असताना कुणी बोललं, तर "थांब". अशा "अमुक झालं तर तमुक करीन" साच्याच्या ठरावांवर पीटर गोल्विट्झर यांनी पुष्कळ काम केलं आहे. 2006 मध्ये त्यांनी पास्कल शीरन यांच्यासोबत 94 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात परिणाम चांगलाच दिसला. ज्याला मुळात ते करायचंच नाही त्याच्यावर मात्र हा साचा चालत नाही. मुलीच्या हाती एक अधिकार द्या: आईने प्रश्न स्वतःच्या तोंडाने परत म्हटला नाही, तर तो होकार धरायचा नाही. मुलं असले नियम फार कडकपणे राबवतात.

रात्रीसाठी "ऊठ" हा शब्द सोडून द्या. त्याऐवजी एक हालचाल ठरवा, अगदी दिसेल अशी: गजर झाला, तर दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे. बस, एवढंच. गजर मात्र फोनवर लावू नका. फोनवरचा गजर बंद करायला अंगठाच लागतो, आणि अंगठ्याला तो कसा बंद करायचा हे पाठ आहे. साधं गजराचं घड्याळ शेजारच्या खोलीत ठेवा, म्हणजे ते बंद करायला चालत जावं लागेल. बाहेरच्या खुणेची ताकद पार्किन्सनच्या रुग्णांत ठळकपणे दिसते. चालायचं असतं, पाय मात्र जमिनीला खिळल्यासारखे होतात, आणि तोच माणूस जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या की त्या ओलांडत चालू लागतो. तुम्हाला तो आजार आहे असं सुचवत नाहीये, घाबरू नका. आतून सुटत नाही ते बाहेरून सोडवता येतं, एवढ्यासाठी हे सांगितलं.

पण त्याआधी एक विचारू? रात्रीचा तो वेळ म्हणजे तुमच्या दिवसातला कुणीही खांद्याला हात न लावण्याचा एकमेव वेळ तर नाही? तसं असेल तर गजराने फार काही साधणार नाही, तुम्ही तो चुकवायला शिकाल. मग सरळ अर्धा तास उघडपणे स्वतःच्या नावावर करा, तोही लवकरचा, झोपेतून कापलेला नको. त्या अर्ध्या तासात फोनच बघायचा असला तरी माझी हरकत नाही. शेवट असलेलं काही निवडलंत तर उठणं सोपं जाईल: एक लेख, मालिकेचा एक भाग. प्रकरण संपतं तिथे ब्रेक लागायला जागा मिळते.

ॲपबद्दल: घेऊ नका. 2016 मध्ये डॅनियल सायमन्स आणि सहकाऱ्यांनी अशा खेळांवरचं संशोधन तपासलं. माणूस त्या खेळात तरबेज होतो, पण त्याचा रोजच्या जगण्यात उपयोग होतो याला भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा एका मोठ्या कंपनीवर जाहिरातीतल्या दाव्यांवरून कारवाई केली आणि तिला 20 लाख डॉलर भरावे लागले. मोबाइलने मेंदू "बिघडतो" असंही मी म्हणणार नाही. तो तुमच्या मेंदूच्या निवडीच्या रीतीचा फायदा घेतो, इतकंच तुमच्या पत्रावरून दिसतं.

राहिला एडीएचडी. पत्रावरून ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि तुम्हीही इंटरनेटवरच्या प्रश्नावलीवरून ठरवू नका. निदानाच्या निकषांत एक अट अशी की त्यातली अनेक लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, आणि ती घर, काम अशा एकाहून जास्त ठिकाणी अडचण करणारी असावी लागतात. तेव्हा आठवून पाहा: शाळेत वस्तू हरवणं, सांगितलेलं विसरणं, सुरू केलेलं अर्धवट टाकणं, हे होतं का? बायकांचं निदान अनेकदा उशिरा होतं, त्यामुळे "या वयात कसला एडीएचडी" म्हणून कुणी वाटेला लावलं तर ऐकू नका. पण हे सगळं गेल्या वर्ष-दोन वर्षांतच सुरू झालं असेल, तर आधी झोप, थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, उदासी, चालू असलेली औषधं आणि पाळी जाण्याच्या सुमाराचे बदल तपासून घ्यायला हवेत. आणि काही आठवड्यांत झपाट्याने वाढलं असेल, किंवा सोबत हालचाली मंदावल्या असतील, हात थरथरत असेल, शब्द आठवत नसतील, तर वरचे सगळे प्रयोग बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा. जाताना दोन आठवड्यांच्या झोपेच्या वेळा लिहून न्या, लहानपणी तुम्ही कशा होता हे घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा, आणि यजमानांना सोबत न्या. बाहेरून काय दिसतं, हे डॉक्टर त्यांना विचारतीलच.